परिप्रश्न

श्रीगीतेच्या चौथ्या अध्यायातील चौतिसावा श्लोक आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी आहे. ज्ञान मिळवावयाचे ते कसे, हे भगवंत तेथे अर्जुनाला सांगतात. साधने तीन : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आम्ही कीर्तनकार मंडळी पहिल्यावर आणि तिसऱ्यावर तासन् तास बोलतो, मधल्यावरून मात्र झरझर पुढे जातो. कारण उघड आहे. नमस्कार आणि सेवा आमच्या पदरात पडते. प्रश्नाचे उत्तर आमच्या पदरचे जाते!

‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी. एकदा विचारून, उत्तर ऐकून मान डोलावली, एवढ्याने परिप्रश्न होत नाही. वस्तू हातात घेऊन फिरवून फिरवून पाहावी तसे विचारणे, त्याचे नाव परिप्रश्न. आणि त्याची जागाही पाहावी. त्याच्या आधी नमस्कार आहे आणि मागून सेवा आहे. म्हणजे विचारणारा नम्र असला पाहिजे, आणि उत्तर मिळाल्यावर उठून चालता होणारा नसला पाहिजे.

गीता ही प्रश्नांवर उभी आहे, हे आमच्या भाविक वाचकांनी एकदा पोथी पुढे घेऊन मोजावे. तिसरा, पाचवा, आठवा, बारावा, सतरावा आणि अठरावा, एवढे अध्याय अर्जुनाच्या विचारण्यानेच उघडतात. आठव्याच्या आरंभी तर दोन श्लोकांत सात प्रश्न आहेत. चौथ्यात तो देवाला तोंडावर म्हणतो की, तुझा जन्म अलीकडचा, सूर्याचा फार पूर्वीचा. मग तू त्याला हा योग सांगितलास, हे मी कसे मानावे? आजच्या एखाद्या मंडपात कोणी पोराने असे विचारले तर चार जण त्याला हात धरून बाहेर नेतील. भगवंत रागावले नाहीत. त्या एका शंकेच्या पोटातून अवताराचे सर्व विवेचन बाहेर आले. अर्जुन संकोचाने गप्प बसला असता तर आपण सारेच त्याला मुकलो असतो.

आणि माउलींनी काय केले? शके १२१२ मध्ये नेवाश्यास ज्ञानेश्वरी सांगताना त्यांनी अर्जुनाचे प्रश्न आवरले नाहीत, उलट वाढविले. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी मूळ गीतेत अर्जुनाचे दोनच श्लोक आहेत. माउलींच्या ओव्यांत तोच अर्जुन लेकराच्या हक्काने भांडतो. वैद्यानेच पथ्य सांगावे आणि त्यानेच विष घालावे तर रोग्याने जगावे कसे, असे तो देवाला विचारतो. हे कशासाठी? श्रोत्याच्या मनातली अडचण त्याच्या आधी वक्त्याने बोलून दाखवावी, म्हणजे श्रोता उत्तरासाठी भुकेला होतो. भुकेवाचून वाढलेले अन्न अंगी लागत नाही.

नाथमहाराजांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यातही हीच रीत. निमिराजा विचारतो, नऊ योगेश्वर सांगतात. यदुराजा विचारतो, अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. उद्धव तर विचारता विचारता थकत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘बुवा, तुम्ही तर लोकांना तर्कटी करावयास निघालात.’ तसे नाही. आमच्या पाठशाळेत न्यायशास्त्राचा आरंभ करतानाच वाद, जल्प आणि वितंडा यांतला भेद घोकून घेत असत. तत्त्व कळावे म्हणून बोलतो तो वाद. आपणच जिंकावे म्हणून बोलतो तो जल्प. स्वतःचे काहीच मांडायचे नाही, दुसऱ्याचे मोडायचे तेवढे, ती वितंडा. या शेवटच्या दोहोंना आम्ही परिप्रश्न म्हणत नाही. पण आमचे गुरुजी याबरोबरच आणखी एक करीत. मीमांसेच्या अधिकरणात विषय आणि संशय झाला की सिद्धांताच्या आधी पूर्वपक्ष येतो. तो पूर्वपक्ष ते आमच्याकडून असा मांडून घेत की प्रत्यक्ष विरोधकालाही तो तितका नीट मांडता येऊ नये. लंगडा पूर्वपक्ष मांडला की म्हणत, ‘ह्याला पाडून तुझा काय पराक्रम झाला रे?’ आणि संध्याकाळी ज्याच्याजवळ एकही शंका नसे, त्याला सकाळचा पाठ पुन्हा म्हणावा लागे. आम्ही त्या वयात शंका बनवून नेत असू, तीही गोष्ट खरी!

प्रश्नोपनिषदाचा तर सारा ग्रंथच सहा जणांच्या सहा प्रश्नांचा आहे. हे सहा जण पिप्पलाद ऋषींकडे आले तेव्हा ऋषी म्हणाले की, तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह वर्षभर येथे राहा, मग वाटेल ते विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सारे सांगू. ‘ठाऊक असेल तर’, हे शब्द ऋषींचे आहेत. त्या सहांपैकी शेवटचा सुकेशा. तो सांगतो की, कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ माझ्याकडे आला आणि सोळा कलांचा पुरुष तुला ठाऊक आहे काय, असे त्याने विचारले. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. जो खोटे बोलतो तो मुळासकट वाळून जातो. राजपुत्र मुकाट्याने रथात बसला आणि निघून गेला. तोच अडलेला प्रश्न सुकेशाने पुढे पिप्पलादांच्या पायाशी ठेवला.

ही कथा आम्ही कितीतरी वेळा सांगितली होती. पण ती अंगावर आली ती फार उशिरा.

गोदाकाठच्या एका गावी सप्ताहात अठराव्या अध्यायावर आमचे प्रवचन होते. बहात्तराव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला विचारतात की, तू हे एकाग्र मनाने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? प्रवचन संपले, मंडळी पायावर डोके ठेवून जाऊ लागली, तेव्हा एक म्हातारी माळकरीण थांबली. म्हणाली, ‘म्हाराज, देवाला समदं ठावं. मग ऐकलंस का म्हून इचारायचं काय कारन?’ आम्ही दमलो होतो. ‘माउली, देवाची लीला. शंका घेऊ नये,’ असे म्हणून मोकळे झालो. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. त्या ‘बरं’ने रात्री आम्हांला झोप लागू दिली नाही, कारण आम्हांलाच उत्तर सुचलेले नव्हते.

पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो, तेव्हा तिला बोलावून घेतले. सांगितले की, देवाला कळण्यासाठी तो प्रश्न नव्हता, अर्जुनाला कळण्यासाठी होता. शिष्याने आपल्या तोंडाने ‘कळले’ म्हटल्यावाचून त्याचे कळणे त्याच्या पदरात पडत नाही. तिने ऐकून घेतले. मग भर मंडपात म्हणाली, ‘मोह गेला म्हनला, मंग अभिमन्यू पडल्यावर येवढा रडला कसा?’

मंडप स्तब्ध झाला. लीला हा शब्द पुन्हा जिभेवर आला होता. पण सुकेशा आठवला, आणि आम्ही म्हणालो, ‘माउली, आम्हांला आत्ता ठाऊक नाही. पाहून सांगतो.’ मागे बसलेल्या एका टाळकऱ्याने मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या बोलण्यात हे वाक्य आम्ही पहिल्यांदाच उच्चारले असावे.

घरी येऊन महाभारत काढले. अभिमन्यू पडला तो तेराव्या दिवशी. गीता सांगितली ती युद्धाच्या आरंभी. अर्जुन रडला हे खरे, पण शस्त्र टाकून रथात बसला नाही. त्याने जयद्रथवधाची प्रतिज्ञा केली. पहिल्या अध्यायातला मोह स्वधर्म विसरविणारा होता, हा शोक तसा नव्हे. पंडिताला एवढे उत्तर पुरे व्हावे. पण पुढे आश्वमेधिक पर्वात अनुगीता आहे. ती आम्ही विद्यार्थिदशेत वाचलेली; या प्रश्नाशी तिची गाठ घालण्याचे मात्र कधी सुचले नव्हते. युद्ध संपल्यावर, देव द्वारकेस निघण्यापूर्वी, अर्जुन स्वतः म्हणतो की, तू रणांगणावर सांगितलेस ते मी विसरलो, पुन्हा सांग. अठराव्यात ‘स्मृती आली’ म्हणणारा हाच अर्जुन! तेथली स्मृती स्वरूपाची आहे, पाठांतराची नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी वाचताना हसू आलेच. देवांनी त्याला बोल लावला. ते सारे तसेच्या तसे पुन्हा सांगणे आता माझ्याने होणार नाही, असेही म्हणाले. पण परत पाठविले नाही. दुसऱ्या वाटेने, एका जुन्या इतिहासाच्या आधाराने पुन्हा सांगितले.

हल्ली कीर्तने मोबाईलवर पुष्कळ ऐकतात, आमचीही ऐकतात. त्याला आमची ना नाही. पण त्या पेटीला थांबवून ‘म्हाराज, येक इचारू का?’ म्हणता येत नाही. म्हणून आम्ही आता जिथे सप्ताहाला जातो तिथे दुपारचे प्रवचन अर्धा तास आधी संपवितो आणि हरिपाठापर्यंत तसेच बसून राहतो. कधी कोणी येत नाही. कधी कोणी लग्नाचा मुहूर्तच विचारतो. कधी एखादी मुलगी असे काही विचारते की आम्हांला पोथ्या पुन्हा काढाव्या लागतात.

तिसऱ्या वर्षी त्या म्हातारीला अनुगीतेची हकिगत सांगितली. पंडिती उत्तर तिने निमूट ऐकले. अर्जुन विसरला होता म्हणताच तोंडाला पदर लावून हसली. ‘आर्जुनबी इसरला म्हना की! मंग म्हाराज, देवानं त्येला दुसऱ्या बारीला काय सांगितलं, ते सांगा.’ हरिपाठाला अजून वेळ होता. आम्ही पुन्हा मांडी घातली.