शंखी गोगलगाय : ओळख, जीवनक्रम आणि सामुदायिक नियंत्रण

सोयाबीन हे बुलडाणा जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक होय. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम आणि आसपासच्या गावांचे आर्थिक गणित बव्हंशी याच पिकावर अवलंबून आहे. अशा भागातील शेतकरी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना एका मंदगती शत्रूची वेळीच ओळख असणे अगत्याचे आहे. हा शत्रू म्हणजे शंखी गोगलगाय.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत तिने नुकतीच उगवलेली सोयाबीनची रोपे फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली आणि काहींची दुसरी पेरणीही वाया गेली. या तीन जिल्ह्यांतील सुमारे ७२ हजार हेक्टर क्षेत्रासाठी राज्य शासनाने सुमारे ९८ कोटी ५८ लाख रुपयांची मदत मंजूर केली. मदतीने तोटा काही अंशी भरून निघतो. गेलेला हंगाम मात्र परत येत नाही.

मूळ व प्रसार

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगायी कलकत्त्यातील एका बागेत सोडण्यात आल्या. तेथून रोपे, माती, शेणखत व वाहने यांच्याद्वारे त्या देशभर पसरल्या. स्वतःच्या पायाने ती फार दूर जात नाही. तिला दूर नेतो तो माणूसच.

पाण्यातील गोगलगायींशी हिची गल्लत करू नये. कोराडी प्रकल्पासारखे जलाशय, पाट व डबकी यांत राहणाऱ्या स्थानिक गोगलगायी पिके खात नाहीत. मात्र त्यांतील काही जाती गुरांच्या यकृतातील पर्णकृमींच्या वाहक असतात. म्हणून डबक्याकाठचे गवत जनावरांना चारू नये, एवढी दक्षता पुरेशी असते. शंखी गोगलगाय जमिनीवर राहते. तिला साचलेले पाणी नको, ओलावा हवा.

जीवनक्रम

प्रत्येक गोगलगायीत नर व मादी अशी दोन्ही इंद्रिये असतात. समागम झाल्यानंतर ती बीज शरीरात साठवून ठेवते व पुढे अनेक वेळा अंडी घालू शकते. त्यामुळे नव्या शेतात आलेली एकच गोगलगाय प्रादुर्भावास पुरेशी ठरते. ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठी, पिवळसर पांढरी अंडी ती शंभर-दोनशेच्या पुंजक्याने बांधालगतच्या भुसभुशीत, ओल्या मातीत घालते. साधारणतः एक-दोन आठवड्यांत पिले बाहेर पडतात आणि सहा महिन्यांच्या सुमारास ती प्रजननक्षम होतात.

दिवसा ती पालापाचोळा, दगड व गवताखाली दडून राहते आणि रात्री बाहेर पडते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून ती जमिनीत सुप्तावस्थेत जाते. पहिल्या दमदार पावसाबरोबर ती जागी होते, आणि नेमका तोच काळ पेरणीचा व उगवणीचा असतो.

सोयाबीनचेच नुकसान अधिक का होते, हेही समजून घ्यावे. सोयाबीनच्या बीजदलांसह वाढीचा कोंब जमिनीच्या वर येतो. गोगलगायीने बीजदलांखालीच खोड कुरतडले की रोप पुन्हा फुटत नाही. तुरीची बीजदले जमिनीतच राहतात, त्यामुळे वरचा शेंडा गेला तरी खालून फुटवा येण्याची शक्यता उरते.

नियंत्रणाचे उपाय

उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, म्हणजे सुप्त गोगलगायी व अंडी उन्हात उघडी पडतात. बांधावरील गवत, दगडांचे ढीग व काडीकचरा काढून टाकावा.

पहिल्या पावसानंतर सायंकाळी व पहाटे गोगलगायी वेचाव्यात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधालगत अंथरल्यास त्या रात्री तेथे जमतात व सकाळी गोळा करणे सोपे जाते. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणात बुडवून माराव्यात व खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. मीठ शेतात टाकू नये. त्याने जमीन खराब होते. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढल्यास अटकाव होतो, परंतु पावसानंतर तो पुन्हा ओढावा लागतो.

प्रादुर्भाव मोठा असल्यास मेटाल्डिहाईडच्या दाणेदार आमिषाचा वापर कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने व वेष्टनावरील प्रमाणातच करावा. हे आमिष कुत्री, कोंबड्या व गुरे यांना विषारी आहे. गोगलगायींना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. तिच्या शरीरात मेंदूला सूज आणणारे कृमी असू शकतात. शाळेतील मुलांना हे आवर्जून सांगावे.

एकजुटीची आवश्यकता

अमेरिकेतील मायामी शहरात १९६६ मध्ये एका मुलाने हौसेने तीन गोगलगायी आणल्या. पुढे तेथून सुमारे अठरा हजार गोगलगायी वेचाव्या लागल्या आणि १९७५ पर्यंत मोहीम चालवून त्यांचे निर्मूलन झाले. उलटपक्षी, हवाई बेटांवर १९५५ मध्ये हिच्या बंदोबस्तासाठी दुसरी मांसभक्षक गोगलगाय सोडली, तेव्हा तिने स्थानिक निरुपद्रवी जातीच संपवल्या. यावरून नवा प्राणी आणून सोडण्यापेक्षा चिकाटीने वेचणी करणे श्रेयस्कर ठरते.

एकट्याने शेत स्वच्छ केले तरी शेजारच्या बांधावरून गोगलगायी पुन्हा येतात. म्हणून ग्रामपंचायतीने मे महिन्यात ग्रामसभा घेऊन बांधस्वच्छतेचा व जूनमधील वेचणीचा दिवस ठरवावा. कृषी सहायकांनी गोगलगायी आढळलेल्या गटांची नोंद ठेवावी. बाहेरून येणारी रोपे, माती व खत तपासूनच गावात घ्यावे. पहिली गोगलगाय दिसताच गाव जागे झाले, तर दुबार पेरणीची वेळ येणार नाही.