हवेच्या खांबांची राहुटी

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या तपोवनातील साधुग्राम तुमच्या घरातील मोठ्या माणसांनी पाहिले असेल. एक जण खांब धरतो, दुसरा तणावे ओढतो, तिसरा मोगरीने मेखा ठोकतो, तेव्हा कोठे तंबू उभा राहतो. आता असे समजा, की तंबू उभारणारा माणूस एकटाच आहे आणि त्याला नीट वाकता येत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. गुडघे आखडलेले, हातात काठी. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव अंजनेरीच्या बाजूला एखाद्या शेतात राहून एकट्याने पाहावा, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. “सोबत आलात तर गप्पा माराल आणि उल्का निसटतील,” असे ते म्हणतात. हवा भरून उभा राहणारा तंबू आपल्याला जमेल का, आणि घ्यायचा तर कोणता, असे त्यांनी विचारले. प्रश्न खरेदीचा, पण उत्तर पदार्थविज्ञानाचे!

या तंबूत काठ्यांच्या जागी कमानीसारख्या नळ्या असतात. आत हवाबंद पिशवी आणि तिच्यावर न ताणणाऱ्या कापडाची खोळ. म्हणजे सायकलची ट्यूब आणि टायरच. १९७० साली जपानमधील ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात चार मीटर व्यासाच्या अशा सोळा नळ्यांचे प्रचंड दालन उभारले होते.

पण हवेची नळी ताठ का राहते? आतल्या दाबाने खोळीचे कापड सर्व बाजूंनी ताणले जाते. नळी वाकवू लागलो की वाकाच्या आतील बाजूचे कापड दाबले जाते. कापडाला दाब सोसत नाही, ते चुरगळते. पण आधीचा ताण संपेपर्यंत चुरगळण्याची वेळच येत नाही. ही ताकद दोन गोष्टींवर अवलंबून असते. दाब दुप्पट केला, तर ती दुप्पट होते. त्रिज्या दुप्पट केली, तर मात्र आठपट, कारण येथे त्रिज्येचा घन येतो. १० सेंमी. ऐवजी १२ सेंमी. व्यासाची नळी त्याच दाबाला सुमारे पावणेदोन पट भार सोसेल. तिला हवा मात्र जवळजवळ दीडपट लागेल, आणि ती कोणाला तरी भरावी लागेल.

म्हणून आता पंपाकडे वळू. एका माणसाच्या तंबूत १० सेंमी. व्यासाच्या, ४ मीटर लांबीच्या दोन नळ्या आहेत असे धरा. त्यांचे घनफळ सुमारे ६३ लिटर. नाशिकला वातावरणाचा दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे ०.९६ कि.ग्रॅ. असतो. नळ्यांत त्याहून ०.५ कि.ग्रॅ. जास्त दाब हवा असेल, तर बाहेरची सुमारे ९५ लिटर हवा आत कोंबावी लागेल. पंपाचा दट्ट्या १० सेंमी. व्यासाचा आणि त्याची धाव ४० सेंमी. असेल, तर तीसेक फेऱ्यांत काम होईल. किती छान! पण शेवटच्या फेऱ्यांना ३९ कि.ग्रॅ. वजनाइतका जोर लावावा लागेल. दट्ट्या ५ सेंमी.चा घेतला, तर जोर १० कि.ग्रॅ. पुरेल, फेऱ्या मात्र १२० होतील. गळती धरली, तर थोड्या जास्तच. कार्य तेवढेच राहते, फक्त त्याचे हप्ते लहान होतात. दुकानदार रुंद पंपाची स्तुती करील, पण गुरुजींसाठी अरुंदच बरा. तो खुर्चीवर बसून चालतो का, हे मात्र दुकानातच पाहून घ्यावे. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा पंप मिळतो, तो अवश्य घ्यावा. तरी बॅटरी उतरली तर हातपंप जवळ हवाच.

खरी परीक्षा रात्री होते. संध्याकाळी २७ अंश सेल्सिअसला दाब ठीक होता. पहाटे पारा ७ अंशांवर आला. निरपेक्ष तापमानात हे ३०० वरून २८० झाले. वातावरणासह नळीतील एकूण दाब १.४६ होता, तो त्याच प्रमाणात १.३६ होतो. त्यातून वातावरणाचे ०.९६ वजा करा, म्हणजे जादा दाब ०.४० उरतो. एक पंचमांश ताकद गेली, आणि एकही भोक पडलेले नाही! म्हणून सूर्यास्तानंतर गारवा पडला की चार-दोन फेऱ्या पुन्हा माराव्या. हवा भरण्याची झडप जमिनीलगत असेल, तर हे काम गुरुजींना होणार नाही. ती कमरेच्या उंचीवर हवी. उलट दुपारच्या उन्हात नळीतील हवा ४७ अंशांवर गेली, तर जादा दाब ०.६० होतो. तेव्हा तो आपोआप सोडणारी झडप असली तर उत्तम.

दोन्ही नळ्या आतून जोडलेल्या असतील, तर त्यांच्यामध्ये बंद करता येणारी झडप आहे का, हेही विचारावे. नाहीतर एका काट्याने दोन्ही कमानी बसतात, आणि ज्याला चटकन उठता येत नाही त्याच्या अंगावर अंधारात ओले कापड येते.

मेखांपुढे मात्र हवेचे काही चालत नाही. ताशी ३६ कि.मी. वारा सुटला, तर समोरच्या दर चौ. मीटरवर साडेपाच कि.ग्रॅ. वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट. त्या भागात वीतभर मातीखाली मुरूम लागला, तर मेख शिरत नाही. एवढ्या कामापुरती शेतकऱ्याची मदत घ्यावी, असे माझे मत. गुरुजींना ते पटले नाही. लांब दांड्याने उभ्याने फिरवायच्या मळसूत्री मेखा ते शोधत आहेत. मळसूत्र मुरमात कितपत रुतेल, याची मला शंका आहे.

दाराला उंबरा नसावा. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यास दार ८०-९० सेंमी. रुंद हवे. झोपायला जमिनीवर सतरंजी नको. गुडघ्याएवढ्या उंचीची घडीची खाट असली, की पाय खाली सोडून उठता येते. आणि थंडी कितीही वाजली तरी तंबूत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमच्या सायकलच्या पंपाचा आतील व्यास आणि दट्ट्याची धाव मोजा. वरच्या दोन नळ्या भरायला त्याच्या किती फेऱ्या लागतील आणि शेवटी किती जोर लावावा लागेल, ते काढा.