घरी काडतूस भरायचंय? आधी तराजू घ्या

रीडिंगहून फार लांब नसलेलं सरेमधलं बिझ्ली म्हणजे ब्रिटिश नेमबाजांचं पंढरपूरच. नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा १८९० पासून तिथे भरतात. तिथले अनेक नेमबाज वापरलेली पितळी केस पुन्हा भरून स्वतःची काडतुसं तयार करतात. प्रत्येक काडतूस हुबेहूब आधीच्यासारखं असावं, हा त्यामागचा मुख्य हेतू. हा छंद सुरू करायचा तर नवख्यानं कुठलं सामान घ्यावं? बहुतेकांची नजर आधी प्रेसवर जाते. ती आधी तराजूवर जायला हवी. का, ते पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते पॉइंट टू-टू रायफलवर. त्या काडतुसात पेटवणारं रसायन केसच्या कडेत भरलेलं असतं आणि बार उडताना ती कड चेपते. ते घरी पुन्हा भरता येत नाही. ज्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो, तेवढीच पुन्हा भरण्याजोगी.

आता विज्ञान. धूरविरहित दारू उघड्यावर नुसती भरभर जळते. बंद केसमध्ये मात्र वायूला वाट मिळत नाही, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबामुळे दारू आणखी वेगानं जळते. म्हणजे हे चक्र स्वतःलाच पळवतं. गोळी पुढे सरकून जागा मोकळी करते म्हणून ते आटोक्यात राहतं. त्यामुळे दारू थोडी वाढली तरी दाब त्या प्रमाणात न वाढता त्याहून जास्त वाढतो. गोळी केसमध्ये जास्त खोल बसली तरी आतली जागा कमी होऊन दाब वाढतो. चूक मोठी झाली तर रायफल फुटते, आणि तेव्हा तुमचा डोळा तिच्यापासून काही इंचांवर असतो.

ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन आपल्याला परका नाही. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवला गेला. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. काडतुसासाठी ०.१ ग्रेन, म्हणजे साधारण ६.५ मिलिग्रॅमपर्यंत मोजावं लागतं. गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग! स्वयंपाकघरातल्या काट्याची एक ग्रॅमची पायरी १५.४ ग्रेनची असते, तेव्हा तो इथे निरुपयोगी.

म्हणून पहिली खरेदी ०.१ ग्रेन दाखवणारा तराजू आणि त्यासोबत प्रमाणित वजनं. दांडीचा तराजू हळू असतो, पण त्याला बॅटरी लागत नाही. इलेक्ट्रॉनिक तराजू तापमानानं आणि वाऱ्याच्या झुळकीनं सरकतो. कुठलाही घ्या, पण दर बैठकीत प्रमाणित वजन ठेवून तपासा. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो.

दुसरी खरेदी कॅलिपर, काडतुसाची लांबी मोजायला. तिसरी छापील लोडिंग मॅन्युअल, शक्यतो दोन वेगवेगळ्या प्रकाशकांची. त्यातल्या सर्वात कमी मात्रेपासून सुरुवात करायची.

प्रेस त्यानंतर. सिंगल-स्टेज घ्या. त्यात दांडा एकदा ओढला की एकच काम होतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये एका ओढीत चार-पाच कामं होतात, आणि त्या गर्दीत चूक लपते. सिंगल-स्टेजवर दारू भरलेल्या केस भोकांच्या ठोकळ्यात ओळीनं उभ्या करून टॉर्चनं तपासता येतात. जास्त भरलेली दिसते, रिकामीही दिसते. रिकामीही तितकीच घातक: नुसत्या प्रायमरनं गोळी नळीत अडकू शकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो.

याशिवाय तुमच्या कॅलिबरचा डाय-संच, शेलहोल्डर, नरसाळं, संरक्षक चष्मा आणि चुकलेलं काडतूस उघडायला बुलेट पुलर. केस घासायचं यंत्र नंतर घेतलं तरी चालेल. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवा. बहुतेक प्रायमरांमध्ये शिशाचं संयुग असतं, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नको, मुलांजवळ नको. काम झालं की साबणानं हात धुवा.

शेवटी कायदा. रायफलसाठी फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. रीडिंगमध्ये ते टेम्स व्हॅली पोलीस देतात. २००६ च्या कायद्यानुसार प्रायमर घेतानाही ते दाखवावं लागतं. घरी भरलेलं काडतूससुद्धा त्यावरच्या मर्यादेत धरलं जातं. काळ्या दारूला वेगळं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या देशात असाल तर तिथले नियम आधी वाचा.

पैसे खर्च करण्यापूर्वी क्लबमधल्या एखाद्या अनुभवी सभासदाशेजारी दोन-तीन बैठका बसा. तो तराजू किती वेळा तपासतो, तेवढं मोजा.