मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये मज्जातंतूंचे काय होते

मेंदू, दृष्टीनसा आणि मज्जारज्जू यांतल्या बहुतेक लांब मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यात थोड्या थोड्या अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या घेत धावतो. जाड तंतूत हा वेग सेकंदाला 100 मीटरच्या आसपास जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम 1 मीटर.

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएसमध्ये शरीराच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी आणि बी पेशी रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडतात आणि मायलिनवर तुटून पडतात. सूज येते, आवरण सोलले जाते, मागे कडक चट्टे उरतात. पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 साली या चट्ट्यांचा लक्षणांशी मेळ घातला. आजाराचे नावही चट्ट्यांवरूनच पडले.

हल्ल्याची सुरुवात कशाने होते, याचा सर्वांत ठळक धागा एपस्टाईन-बार विषाणूचा आहे. अमेरिकी सैनिकांच्या 2022 मधील अभ्यासात त्याच्या लागणीनंतर एमएसचा धोका 32 पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच, एमएस मात्र फार थोड्यांना होतो. आनुवंशिक कल, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि धूम्रपान यांचाही त्यात वाटा असतो. एमएस संसर्गजन्य नाही.

चट्टा कुठे पडला, त्यावर लक्षणे ठरतात. दृष्टीनसेवर पडला तर एका डोळ्याला धूसर दिसते, रंग फिके वाटतात, डोळा फिरवताना दुखते. मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतात, मुंग्या येतात, लघवीवरचा ताबा सुटतो. उन्हात किंवा गरम पाण्याने अंघोळ केल्यावर त्रास तात्पुरता वाढतो, कारण उघड्या तंतूतला संदेश उष्णतेने अडखळतो.

बहुतेक रुग्णांत आजार 20 ते 40 वयात सुरू होतो, त्यांत स्त्रिया अधिक. हल्ल्यानंतर काही आठवड्यांत सूज ओसरते, थोडे मायलिन पुन्हा तयार होते आणि रुग्णाला बरे वाटते. खरा घात इथेच होतो. अशक्तपणा असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे म्हणून तपासणी राहून जाते. आत मात्र उघडे पडलेले तंतू तुटत असतात आणि तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. काही काळ मेंदू दुसऱ्या वाटांनी काम निभावतो; ती राखीव ताकद संपली की चालणे, तोल, स्मरण कायमचे ढासळू लागते. आजची औषधे नवे हल्ले बऱ्याच अंशी रोखतात, गेलेले तंतू परत आणत नाहीत. म्हणून एका डोळ्याची नजर अचानक मंदावली किंवा बधिरपणा 24 तासांहून अधिक टिकला, तर त्रास ओसरला तरी न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. एमआरआय लागेल का, ते तपासणीनंतर ठरते.