मद्यार्कांतील हट्टी पाणी

उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो, हें आमच्या जिल्ह्यांतील मुलांस सांगावयास नको. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. तेव्हांपासून प्रवरेच्या कांठीं मळीचा वास घरोघर ओळखीचा आहे. परंतु मद्यार्कांतील पाणी पुरतें काढणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

पाणी १०० अंशांस उकळतें, शुद्ध मद्यार्क सुमारें ७८.४ अंशांस, तेव्हां ऊर्ध्वपातन करीत राहिलें कीं काम झालें, असें आम्हीही प्रथम समजत होतों. पण वजनानें शेकडा ९५.६ भाग मद्यार्क झाला, कीं वाफेंतही पाण्याचें तेंच प्रमाण येऊं लागतें. मग कितीही जळण घाला! पेट्रोलमध्यें मिसळावयाचा मद्यार्क तर जवळजवळ निर्जळ लागतो. नाहीं तर पाण्यासह तो टाकीच्या तळाशीं वेगळा होऊन बसतो.

येथें दगड मदतीस येतो. १७५६ सालीं स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनीं तापवितांच फसफसणाऱ्या एका खनिजास झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड', हें नांव दिलें. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत असे दगड आढळतात. राहुरीजवळील मोमीन आखाड्याच्या विहिरींत सांपडलेले स्टिल्बाइटचे स्फटिक संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. कारखान्यासाठीं मात्र झिओलाइट कृत्रिम रीतीनें करितात. एका जातीचीं छिद्रें सुमारें ३ आंग्स्ट्रॉम असतात, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा रेणु त्यांत शिरतो. मद्यार्काचा थोरला रेणु बाहेरच राहतो.

पुष्कळ कारखान्यांत झिओलाइटच्या गोळ्यांच्या टाक्यांतून वाफ नेतात. गोळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे त्या पुनः कोरड्या कराव्या लागतात. पातळ पडद्यास ही विश्रांति लागत नाहीं. एका अंगास ऊन द्रव, दुसऱ्या अंगास निर्वात. पाणी पडद्यांतून झिरपून वाफ होतें, आणि तेवढ्याच पाण्यापुरती उष्णता खर्ची पडते. फ्रान्समधील बेतेनिव्हिल येथें १९८८ सालीं असा मोठा कारखाना चालू झाला. तेथील पडदा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा होता.

असला पडदा पाणी पिऊन फुगतो, व फुगला कीं मद्यार्कासही वाट देतो. म्हणून त्यांत झिओलाइटची भुकटी मिसळण्याची युक्ति निघाली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठांत तेजराज अमिनभावी व त्यांचे सहकारी यांनीं अशा पडद्यांवर पुष्कळ संशोधन केलें. समुद्रशेवाळापासून मिळणारें सोडियम अल्जिनेटही त्यांनीं वापरलें. भुकटी फार झाली तर पडदा ठिसूळ होतो. कण व पडदा यांचें नीट चिकटलें नाहीं, तर मधल्या फटींतून दोन्ही द्रव बिनदिक्कत निघून जातात, आणि एवढी बारीक चाळण असूनही पाणी व मद्यार्क वेगळे होत नाहींत.