भाकरी कशाने धरते आणि मांडा कशाने ताणतो?

प्रश्न : माझं माहेर मुंबईचं, सासर पुणतांब्याचं. केक, पाव, नानकटाई मी घरी करते, पोळ्याही मऊ होतात. पण ज्वारीची भाकरी काही केल्या जमत नाही. थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मोडते आणि फुगत तर कधीच नाही. सासूबाई म्हणतात, ‘हात बसला की येईल.’ हात बसतो म्हणजे नेमकं काय होतं? तोवर काही समजून घेऊन करता येईल का?

उत्तर : ताई, नक्की करता येईल. तुम्हाला पाव येतो, ही यातली अडचणही आहे आणि सोयही आहे. अडचण अशी की पावाची सवय भाकरीला चालत नाही. गव्हाचं पीठ पाणी घालून मळलं की त्यातली दोन प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. पाव फुगतो, पोळी लाटाल तशी पसरते, घडी घातली तरी फाटत नाही, हे सगळं त्या जाळ्याच्या जिवावर. ज्वारीतही प्रथिनं आहेत, पण ती असं जाळं विणत नाहीत. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. ते बारीक बारीक कणांत बंद असतं आणि पाण्याला दाद देत नाही. म्हणून कणकेसारखं ज्वारीचं पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवलं, तर हाती काहीच लागत नाही. उलट गोळा कोरडा पडतो आणि कडा आणखी फाटतात.

मग भाकरी धरून ठेवतं कोण? स्टार्च. गरम पाणी मिळालं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची खळ होते आणि ती खळच बाकीच्या कोरड्या पिठाला बांधून ठेवते. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्वारीचा स्टार्च ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्याशिवाय नीट फुगत नाही, गव्हाला त्याहून कमी उष्णता पुरते. बोट बुडवता येईल इतकं कोमट पाणी घेतलं, तर ते पिठात पडेपर्यंत आणखी निवतं आणि स्टार्च होता तसाच राहतो. मला येणाऱ्या पत्रांत भाकरी मोडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच दिसतं. पाणी गरम असतं, पण आधण नसतं.

म्हणून सुरुवात उकडीने करा. वाटीभर पिठाला पाऊण वाटी पाणी धरा, पीठ जुनं-नवं, बारीक-जाड असेल त्याप्रमाणे थोडं कमी-जास्त लागेल. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून पीठ त्यात टाका, उलथन्याच्या टोकाने हलवा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. मग परातीत काढून, हात गार पाण्यात बुडवत बुडवत, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रगडून मळा. बोटांनी गोळा दाबत बसू नका, परातीच्या तळाशी पुढे ढकलून घासत मळायचं आहे. सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही, एका भाकरीपुरतं घ्यायचं, मळायचं आणि लगेच थापायचं. जुन्या बायका काठवटीत प्रत्येक भाकरीचं पीठ वेगळं मळतात ते उगीच नाही. गोळा अंगठ्याने दाबल्यावर कडेला भेगा पडल्या, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. भेगा पडलेला गोळा थापायला घेणं म्हणजे फाटणारी भाकरी आधीच ठरवून टाकणं आहे.

आता पिठाविषयी. चांगल्या हाताची बाईसुद्धा जुन्या पिठापुढे हात टेकते. ‘पिठाची विरी गेली’ असं तुमच्याकडे ऐकलं असेल. पीठ डब्यात पडून राहिलं की त्याची धरून राहण्याची ताकद जाते. ज्वारीचं दळण आठ-पंधरा दिवस पुरेल इतकंच आणा आणि गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा. भरड पिठाची भाकरी कडेला फाटतेच. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, ते लगेच डब्यात बंद केलं तर आत घाम सुटतो. कागदावर पसरून गार होऊ द्या, मग भरा. शहरात पाकीटबंद पिठावर शिकणाऱ्या मुली स्वतःच्या हाताला दोष देत राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पाकिटावरची दळल्याची तारीख बघितली तर निम्मा दोष तिथेच सापडेल.

थापताना परातीत खाली पीठ भुरभुरवा. आधी मधोमध दाब द्या, मग बोटांच्या पेरांनी कडेकडे जा. भाकरी एका हाताने थापायची आणि दुसऱ्या हाताने कडेला आधार देत फिरवायची. ती आपोआप फिरायला लागली की खालचं पीठ पुरेसं आहे असं समजा. सगळीकडे जाडी सारखी हवी, फुगणं तिच्यावर अवलंबून आहे. उकड नीट झाली असेल तर पहिले काही दिवस लाटण्याने लाटलीत तरी चालेल. लाटलेली भाकरी ही भाकरी नव्हे असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आधी घरातल्यांच्या ताटात गरम भाकरी पडू दे, थापणं मागाहून येईल.

तव्यावर टाकताना भाकरी उलटी पडते. परातीला लागलेली पिठाची बाजू वर येते. तिथे लगेच पाण्याचा हात सारखा फिरवायचा, कोपरासुद्धा कोरडा ठेवायचा नाही. हे पाणी दोन कामं करतं. वरचं कोरडं पीठ भिजून त्याची खळ होते आणि भाकरीला एक सलग कातडी येते. ही कातडी नसेल तर आतली वाफ बारीक फटींतून निघून जाते. पाणी नुकतं सुकत आलं, पण पृष्ठभाग अजून पांढुरका आणि ओलसर आहे, त्याच क्षणी उलटा. पूर्ण वाळून भेगा दिसेपर्यंत थांबलात तर फुगण्याची संधी गेली. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींच्या वर जागा मागते. भाकरीत अडकलेल्या चमचाभर पाण्यालाही दोन पदर वेगळे करायला एवढं पुरतं. चुलीवर हे काम निखाऱ्यांवर होतं, म्हणून तिथली भाकरी सगळ्या बाजूंनी सारखी टम्म फुगते. गॅसवर ज्योत एकाच ठिकाणी लागते, तेव्हा चिमट्याने फिरवत राहावं लागतं.

तवा लोखंडाचा, जाड बुडाचा असावा. तो पुरता तापलेला हवा. मंद आचेवर भाकरी फार वेळ राहिली तर आतलं पाणी वाफ होण्याआधीच हळूहळू उडून जातं आणि भाकरी वातड होते.

तेव्हा सासूबाई म्हणतात तो हात बसणं खरंच आहे, फक्त ते सगळ्यात शेवटी येतं. हात शिकतो तो ओलाव्याचा अंदाज, कडेचा दाब आणि उलटण्याची वेळ. पण आधण आणि ताजं पीठ नसेल तर वर्षानुवर्षं थापूनही हात बसत नाही. सासूबाई भाकरी करत असताना त्यांच्याशेजारी बसा, आणि त्या पाण्यात किती वेळा हात बुडवतात तेवढंच पाहा. त्यांनी सांगण्यापेक्षा तेच जास्त शिकवेल.

प्रश्न : ज्वारी कोणती घ्यावी? आमच्या भागात तर ऊस आणि पेरूच जास्त दिसतो. बाजरीची भाकरीही याच रीतीने करायची का?

उत्तर : गोदावरीच्या कालव्यांनी तुमचा पट्टा बागायती केला, त्यामुळे ज्वारी बहुधा विकतच घ्यावी लागणार. घेताना रब्बीची घ्या. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. दाणा भरतो तेव्हा पाऊस नसतो, म्हणून तो टपोरा, मोत्यासारखा पांढरा राहतो. खरिपाच्या ज्वारीवर काढणीच्या सुमारास पाऊस पडला की दाण्यावर बुरशी चढून तो काळपट होतो. मालदांडी नाव ऐकलं असेलच. ‘मालदांडी ३५-१’ हे वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलं गेलं आणि आजही भाकरीचा दर्जा त्याच्याशीच ताडून पाहतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. तुमच्याच जिल्ह्यात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा अशी रब्बी वाणं दिली आहेत. ओळखीचा शेतकरी यांपैकी काही घेत असेल तर त्याच्याकडून वर्षाची ज्वारी एकदम भरा. दाणा टिकतो, पीठ टिकत नाही.

बाजरीचं वेगळं आहे. तिच्यात सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो, ज्वारीपेक्षा बराच जास्त. दाणा फुटला की त्यातली विकरं त्या तेलावर काम करू लागतात आणि आठ-दहा दिवसांत पिठाला कडवट वास येतो. म्हणून बाजरी थोडी थोडीच दळायची. पीठ ताजं असेल तर उकड काढायची गरज नसते, चांगल्या गरम पाण्यात मळून भागतं. मात्र रगडून मळणं ज्वारीपेक्षाही जास्त हवं आणि थापताना घाई करू नये. भोगीला वरून तीळ लावाल तेव्हा पाण्याचा हात फिरवल्यावर लावा आणि हलके दाबा, म्हणजे उलटताना तव्यावर झडणार नाहीत.

उरलेली भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नका. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा आवळतो, पाणी सोडतो आणि भाकरी कडक होते, फ्रिजच्या थंडीत हे आणखी वेगाने होतं. कापडात गुंडाळून दुरडीत ठेवावी. सोलापूरकडे मात्र पातळ भाकरी पार वाळवून मुद्दाम कडक करतात, ती कित्येक दिवस टिकते.

प्रश्न : पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. इथे गप्पांत ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा निघतेच. मांडे म्हणजे नेमकं काय? मला ते शिकायचेत. घरी जमतील?

उत्तर : विसोबा चाटींनी गावातल्या कुंभारांना ज्ञानेश्वर-मुक्ताबाई या भावंडांना मांडे भाजायचं मातीचं खापर देऊ नका म्हणून बजावलं, मुक्ताबाई रिकाम्या हाताने परतली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले, अशी कथा सांगतात. पुढे चांगदेव याच भावंडांना शरण आले. ज्ञानेश्वरांनी त्यांना लिहिलेल्या ६५ ओव्या म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’, आणि मुक्ताबाई त्यांची गुरू झाली. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासंही तुमच्याच जिल्ह्यात, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. कथा खरी माना किंवा मानू नका, स्वयंपाक करणाऱ्याला तिच्यातून एक गोष्ट कळते. खापर मिळालं नाही तर मांडे अडून राहत, इतकं ते भांडं तेव्हा अटळ होतं. सपाट तव्यावर मांडा येत नाही.

मांडा म्हणजे पुरण भरलेली, गोळीपासून ताणत ताणत हातभर रुंद केलेली पातळ पोळी. खानदेशात तिला खापराची पुरणपोळी म्हणतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खातात. बेळगावचे मांडे पिठीसाखर भरलेले असतात, ते दिसायलाही वेगळे आणि खुसखुशीत.

इथे तुमचं पावाचं ज्ञान पुरेपूर कामी येणार आहे. भाकरीत जे नव्हतं, ते ग्लुटेनच मांड्याचा जीव आहे. त्यासाठी चांगला चिकाचा गहू हवा आणि पीठ वस्त्रगाळ हवं, म्हणजे कोंड्याचे कण निघून जातात. कोंड्याची धार जाळ्याला कापते आणि ताणताना तिथेच भोक पडतं. कणीक पोळीपेक्षा पुष्कळ सैल भिजवतात. मग थोडं थोडं पाणी आणि तेल जिरवत ती आपटून, ताणून, पुन्हा आपटून तिंबतात, आणि तासन् तास मुरू देतात. बोटांत धरून ओढली की न तुटता पडद्यासारखी पसरली पाहिजे. पाव करताना तुम्ही पिठाचा तुकडा उजेडासमोर ताणून पाहत असाल, तीच परीक्षा इथे लावा.

पुरण कोरडं आणि रेशमासारखं वाटलेलं हवं. त्यात डाळीची एक कणी राहिली तरी ती पातळ पोळी फोडून बाहेर येते. गोळी भरून थोडी लाटायची, मग हातांच्या पाठीवर आणि मनगटांवर घेऊन फिरवत फिरवत ताणायची. बोटांची टोकं लावायची नाहीत. नखं काढून, अंगठ्या उतरवून कामाला बसा. पोळी आधी कडांनी वाढते आणि मध्यभाग आपल्या वजनाने खाली ओढला जातो. खापर उलटं, चुलीवर कडकडीत तापलेलं असतं, त्याच्या घुमटावर पोळी अलगद टाकतात. पोळी इतकी पातळ असते की काही क्षणांत भाजून होते आणि लगेच घडी घालून काढतात. घुमटाच्या आकारामुळे ती सुरकुतत नाही, स्वतःच्या वजनाने चहूकडे ताणली जाते.

खापर नसेल तर लोखंडी कढई उलटी टाकून करणाऱ्या बायका खानदेशात आणि शहरांतही आहेत. नवं मातीचं खापर आणलंत तर ते सुरुवातीला मंद आचेवर तापवून मुरवा, नाहीतर एकदम मोठा जाळ लागून तडकतं. एकटीने सुरुवात करू नका. एकजण कणीक ताणणारी, एकजण जाळ सांभाळणारी अशी जोडी लागते, आणि पहिल्या दिवशी पुरण न भरता नुसती कणीक ताणून खापरावर टाकत जा. ती फाटायची थांबली की थोडं पुरण भरा, आणि आकार हळूहळू वाढवा. पुढच्या आखाजीपर्यंत वीतभर रुंदीचा मांडा जमला तरी खूप झालं. खानदेशातल्या सुगरणींचा हात कोपरापर्यंत पोळीखाली जातो, तिथवर यायला काही वर्षं लागतात.