वृद्धाश्रम पाहायला जाताना



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभेत आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून पाळला जातो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली तो सुरू केला. २६ जुलै हा येशूच्या आजी-आजोबांचा, म्हणजे संत ॲना व संत ज्योकिम ह्यांचा सण. म्हणून त्याच्या जवळचा रविवार. त्या दिवशी आपण वृद्धांना पुढच्या बाकावर बसवतो, फुले देतो, फोटो काढतो. पण वर्षभर लोक आमच्याकडे येतात ते वेगळेच विचारायला, आणि हळू आवाजात विचारतात : "आईला ठेवायला एखादी चांगली जागा ठाऊक आहे का?"

हळू आवाजात, कारण विचारणाऱ्याला लाज वाटते. चौथी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. पण वर्तकनगरची घरे आपण ओळखतो. म्हाडाची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या दोन खोल्यांत पाच माणसे, मुलगा आखातात, सून सकाळी लवकर गाडी पकडणारी, आणि आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. अशा घरात मावशी ठेवूनही भागत नाही. आईला चांगल्या ठिकाणी ठेवणे हे पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. न पाहता ठेवणे आणि ठेवून विसरणे, ह्याविषयी मात्र बोलायला हवे. म्हणून ह्या वेळचा पाठ थोडा व्यावहारिक आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. परदेशातले नातेवाईक फोनवर 'नर्सिंग होम' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वृद्धांची कायमची शुश्रूषा करणारी जागा असते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचे, ऑपरेशनचे छोटे खाजगी रुग्णालय. १९४९ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी महानगरपालिकेकडे होते आणि प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावावे लागते. वृद्धाश्रमाचे तसे नाही. पुष्कळ वृद्धाश्रम धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचे असतात. ती नोंदणी संस्थेची व तिच्या हिशेबाची. आजीची कूस रात्री कोणी बदलली का, हे त्यातून कळत नाही. तेव्हा कार्यालयातला नोंदणी क्रमांक जरूर पाहा, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

एका कुटुंबाबरोबर आम्ही अशी एक जागा पाहायला गेलो होतो. वेळ ठरवून गेलो, दुपारी चार वाजता. लादी चकचकीत, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, व्यवस्थापक नम्र. सर्वांचे समाधान झाले. परत येताना एकाची छत्री तिथेच राहिल्याचे लक्षात आले, म्हणून आम्ही दोघे संध्याकाळी सातला पुन्हा गेलो. जेवणाची वेळ होती. एका आजींच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ताट ठेवलेले होते, पण त्यांचा हात तिथवर पोहोचत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी एक मुलगी आली आणि भरलेले ताट उचलून घेऊन गेली. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलता येत नव्हते. त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. त्या मजल्यावर ती एकटीच होती. पण चार वाजता जे दिसले नव्हते ते सातला दिसले, आणि छत्री विसरलो नसतो तर कधीच दिसले नसते.

तेव्हापासून आम्ही एवढेच सांगतो : जागेची पारख करायची तर तिथल्या सर्वांत असहाय माणसाकडे पाहा. चालता-बोलता येणारे आजोबा अंगणात बसून तुमचे स्वागत करतील, ते कुठेही बरेच असतात. जी स्वतः मागू शकत नाही, तिच्या ओठांना कोरड पडली आहे का? पाण्याचा पेला तिच्या हाताशी आहे का? भरवताना तिला उठवून बसवतात का? आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. सकाळी अकरा वाजता सगळेच गुंगीत असतील, तर कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत ते विचारायला हवे. कुणाचे हात पलंगाला बांधलेले दिसले तर काही न विचारता परत आले तरी चालेल.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, माकडहाडाजवळ आणि टाचांना जखमा होतात. डोरीन नॉर्टन नावाच्या इंग्रज परिचारिकेने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की ह्या जखमा मलमांनी टळत नाहीत, वेळच्या वेळी कूस बदलल्याने टळतात. साधारणपणे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. म्हणून थेट विचारा : सध्या इथे किती जणांना अशा जखमा आहेत? "एकालाही नाही" असे चटकन म्हणणाऱ्यापेक्षा, "दोघांना आहेत, एकाला इस्पितळातून येतानाच होती" असे सांगून वही दाखवणारा आम्हाला अधिक विश्वासाचा वाटतो. वजनाचीही वही असावी. पन्नास किलोच्या बाईचे महिनाभरात अडीच किलो वजन घटले तर ती गंभीर गोष्ट आहे, आणि काटा नसेल तर ती कोणाच्या लक्षातच येणार नाही.

न्हाणीघरात स्वतः जाऊन पाहा. धरायला दांडा आहे का, फरशी निसरडी आहे का, रात्री दिवा असतो का. वास येतो तो फिनेलचा की लघवीचा, हे नाक सांगते. मात्र जिथे वृद्ध राहतात तिथे सकाळी थोडा वास येणारच. दुपारपर्यंत तोच वास राहिला तर प्रश्न आहे.

सर्वांत महत्त्वाची माणसे म्हणजे मावश्या. तिथे शिकलेली नर्स किती वेळ असते आणि ब्यूरोकडून आलेल्या बाया किती, हे विचारावे. रात्री किती वृद्धांमागे किती जणी जाग्या असतात, हेही विचारावे. ह्या प्रश्नावर बरेच व्यवस्थापक घुटमळतात. मग संधी मिळाली तर मावशीशीच बोला. किती महिने झाले इथे? बारा तासांची पाळी की चोवीस? रात्री झोपता कुठे? जिला नीट पगार नाही, पाठ टेकायला जागा नाही, ती दोन महिन्यांत निघून जाते. आणि आईला कुठल्या कुशीवर दुखते हे जिला कळू लागले होते तीच गेलेली असते. कामगाराच्या न्याय्य मजुरीविषयी ख्रिस्तसभा शिकवते ते इथे असे आपल्याच आईच्या अंथरुणापाशी येते. कमी पैशांत जागा मिळाली म्हणून आनंद होतो तेव्हा ते पैसे कोणाच्या पोटातून वाचले, हेही मनात यावे.

आपल्या माणसांच्या काही खास गरजा आहेत, त्या विचारायला संकोच नको. पुष्कळ ठिकाणी जेवण पूर्ण शाकाहारी असते. वसईकडच्या आजीला सत्तर वर्षांनंतर मासळीचा वास बंद झाला तर ती का जेवत नाही, हे डॉक्टरला कळणार नाही. विस्मरणाचा आजार झालेले माणूस मागून शिकलेली भाषा विसरते आणि लहानपणच्या बोलीवर येते. ती बोली तिथे कोणाला समजते का? ख्रिस्तप्रसाद घेऊन फादर किंवा प्रसादसेवक आले तर आत सोडतील का? रात्री प्रकृती बिघडली तर तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलावण्याचा निरोप कोण देईल? मृत्यूनंतर घरच्यांना कळवून मगच पुढचे करायचे, हे लेखी ठरवून घ्या.

पैशांचेही लेखीच. अनामत किती परत मिळणार, डायपर व औषधे वेगळी का, इस्पितळात हलवले तर बरोबर कोण जाणार. आईच्या नावावरची खोली मुलाच्या नावे करून द्यायची घाई आम्ही करू देत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. पण ती अट कागदावर लिहिलेली असली तरच पुढचा त्रास वाचतो. त्याच कायद्याखाली वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येते. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक घरातल्या वृद्धालाही लिहून द्या.

अंधेरीच्या लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर ह्या धर्मभगिनींकडे सोय होईल का, असे काहीजण विचारतात. त्यांचे घर गरीब वृद्धांसाठी आहे. ज्यांना पैसे भरणे शक्य आहे त्यांनी ती जागा अडवू नये. त्यांची संस्थापिका संत जान ज्युगां हिने १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला जिना चढवून आपल्या खोलीत आणले, आपला पलंग तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपली. व्यवस्थापकाशी बोलताना हा पलंग आम्हाला हटकून आठवतो.

मदर तेरेसांनी १९७९ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात एका परदेशी वृद्धाश्रमाची हकिगत सांगितली. तिथे सुंदर वस्तू होत्या, कशाचीच उणीव नव्हती, पण सगळे वृद्ध दाराकडे तोंड करून बसलेले, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. मुलगा किंवा मुलगी भेटायला येईल म्हणून ते वाट पाहत होते. आमचा अनुभवही हाच आहे, आणि त्याला एक व्यावहारिक बाजू आहे. ज्या पलंगापाशी कोणीतरी अवेळी, न कळवता येते, त्या पलंगाची चादर वेळेवर बदलली जाते. आज मंगळवारी सकाळी, पुढच्या वेळी शनिवारी जेवणाच्या वेळेला. जाताना टाचा पाहा, नखे पाहा, आणि भरवायची वेळ असेल तर स्वतः भरवा.

आईवडिलांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने खडसावले, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आपण वाचतो. आज आपण कुर्बान म्हणत नाही. "दर महिन्याला पैसे भरतो ना," असे म्हणतो.

ज्या कुटुंबांची माणसे वृद्धाश्रमात आहेत, त्यांनी त्या जागेचा पत्ता, भेटीची वेळ आणि रुग्णाचे नाव चर्चच्या कार्यालयात लिहून द्यावे. ख्रिस्तप्रसाद नेण्याची व्यवस्था त्यावरून करता येईल. नवीन जागा पाहायला जाणाऱ्यांनीही आधी सांगावे. आमच्यापैकी कोणीतरी बरोबर येईल, आणि संध्याकाळी सातला पुन्हा जाऊ.